चाकाखालच्या ठोकळ्याची कैफियत

"आधी चाकाला हात लावायचा, मग ठोकळ्याला. चाक हललं तर ठोकळा काढायचा न्हाई. ध्येनात ठेव, भुजंग."

मित्रांनो, हा आवाज येडबांचा. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण माझ्या लाकडात तो आवाज मुरून बसला आहे. मी बाभळीचा एक जुना ठोकळा आहे. औताचा दांडा काढून झाल्यावर जो तुकडा उरला, तो मी. चुलीत जायचा होतो. पण येडबांनी मला उचललं, वाकसानं माझी एक बाजू तिरकी तासली, वीतभर उंची ठेवली आणि म्हणाले, "हे चाकाखाली कामाला येतंय." त्या दिवसापासून मी चाकाखाली आहे.

चाक होतं एका काळ्या मोटारीचं. येडबांचा मुलगा भुजंग यानं ती जुनी मोटार कुणाकडून तरी घेतली होती आणि तो तिच्यातून राणीसावरगाव ते गंगाखेड अशी माणसं न्यायचा. आमची वाडी राणीसावरगावाजवळच, डोंगराच्या पायथ्याला. मोटार दिसायला ऐटबाज, पण तिची बॅटरी कायमची बसलेली. चावी फिरवली की नुसती कण्हायची. म्हणून भुजंग तिला घरापुढच्या उतारावर, तोंड खाली करून उभी करायचा. सकाळी हँडब्रेक सोडायचा, मोटार आपसूक घरंगळायची, दहा-बारा हात गेली की धक्का खाऊन सुरू व्हायची. अशा मोटारीला उतारावर धरून ठेवायला दोघं लागतात. आतून हँडब्रेक आणि बाहेरून मी. हँडब्रेकनं त्याचं काम केलं की माझं काम हलकं. मी नुसता चाकाला टेकून सावलीत पडून राहायचो. ते दिवस खरंच सुखाचे होते. येणारे-जाणारे म्हणायचे, "ठोकळा नामी बनवलाय येडबानं." मला फार बरं वाटायचं.

मग ते साल आलं आणि माझ्या नशिबाची कटकट सुरू झाली.

भुजंगची बहीण बानूबाई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आधीची दोन्ही बाळं हाती लागली नव्हती. दोन्ही वेळी बैलगाडीनं न्यायला उशीर झाला होता. या वेळी गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, की पोटात दुखायला लागलं की लगेच आणा, वाट बघत बसू नका. गंगाखेडला बैलगाडीनं अर्धा दिवस लागतो. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. म्हणजे सगळा जिम्मा मोटारीवर. ती दारात, उतारावर, तयार उभी पाहिजे. चार हातांची पळापळ न होता निघाली पाहिजे, आणि त्याआधी आपलीआपण घरंगळता कामा नये.

म्हणून भुजंगनं मोटारीचे ब्रेक नवे करून घ्यायचे ठरवले. गंगाखेडला बन्सीधर नावाचा मिस्त्री होता. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्यानं मागच्या दोन्ही चाकांत चाक आतून दाबून धरणारे नवे लायनर बसवले, हँडब्रेकच्या तारेला ताण दिला आणि सांगितलं, आता पाच वर्षं बघायला नको.

मोटार दारात आली. भुजंगची आई सरजाबाई तांब्या आणि हळदीकुंकू घेऊन बाहेर आल्या. त्यांनी चाकांवर पाणी घातलं, नारळ फोडला. सरजाबाईंचे सगळे वार नेमाचे. सोमवारी एक वेळ जेवायच्या, गुरुवारी मीठ नाही, आणि शनिवारी मारुतीला तेल. मारुती डोंगराच्या खांद्यावर. वाट तशी खड्या चढाची नाही, पण देवळाच्या तीन पायऱ्या फार उंच. कुठल्या जमान्यात कुणी बांधल्या देव जाणे, मांडीएवढी एकेक पायरी. सरजाबाईंच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच त्या पायऱ्यांना नाही म्हटलं होतं.

पहिला शनिवार आला. सरजाबाई सकाळी ओल्या केसांनी बाहेर आल्या. हातात करडईच्या तेलाची वाटी, पळी आणि रुईच्या पानांची माळ. आसपास कुणी नव्हतं. मी होतो, पण ठोकळ्याला हिशेबात कोण धरतं! त्या माझ्यासमोर, म्हणजे मोटारीच्या डाव्या मागच्या चाकापाशी थांबल्या. तेच चाक त्यांच्या दाराला जवळचं. डोंगराकडं बघून हळूच म्हणाल्या, "देवा, गुडघे चालंनात. तू वाऱ्याचा लेक. जे फिरतं ते समदं तुजंच. तवर ह्या चाकावर घे. बानू लेकरू घिऊन सुखरूप दारात आली की मी माज्या पायांनी तुज्याकडं येईन."

आणि त्यांनी पळीनं चाकाच्या मधोमध तेल वाहिलं.

मला कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू? मायेनं वाहिलेलं तेल होतं. एक थेंब माझ्याही अंगावर पडला. बाभळीच्या लाकडाला तेल मिळालं की बरं वाटतं.

पण मित्रांनो, मी चाकाच्या अगदी समोर होतो. मला जे दिसलं ते कुणालाच दिसलं नाही. या मोटारीच्या चाकाच्या पत्र्यात आणि लायनर झाकणाऱ्या आतल्या ड्रममध्ये आरपार एक भोक असतं, रुपयाएवढं. त्यातून पेचकस घालून आतल्या लायनरची पकड कमी-जास्त करायची असते. त्या भोकाला रबराचं बूच असतं. चाकांची चकचकीत झाकणं रस्त्यात कुठं कुठं पडून गेली होती, पण बूच मात्र होतं. बन्सीधरनं काम करताना डाव्या चाकाचं ते बूच काढलं आणि परत लावायचं विसरला. सरजाबाईंचं तेल पत्र्यावरून ओघळत आलं, भोकाशी क्षणभर थबकलं आणि आत गेलं. आत, नव्या कोऱ्या लायनरवर.

रविवारी सकाळी भुजंगनं हँडब्रेक ओढला आणि मोटारीचं सगळं ओझं माझ्या अंगावर आलं.

आधी मला वाटलं, चुकून झालं असेल. मी दात आवळून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेच. आता हँडब्रेक वर ओढल्याचा आवाज यायचा, पण मागून कुणी धरत नव्हतं. दोघांचं काम एकट्यावर पडलं की काय होतं ते तुमच्या घरातल्या आईला विचारा. माझी तिरकी बाजू दबायला लागली. खालच्या मुरमात मी बोटभर रुतलो.

भुजंग गंगाखेडला गेला. बन्सीधरनं मोटारीखाली डोकं घातलं, तार आणखी आवळली आणि सांगितलं, तार जराशी सैल पडते, तेवढं चालायचंच. मोटार परत आली. उजवं चाक थोडं जास्त धरायला लागलं, डावं तसंच. तार आवळून काय होणार? हात ओढून धरला म्हणून तेलकट बोटांतून भांडं निसटायचं थांबतं का?

शनिवारी पुन्हा पळीभर तेल.

भुजंग पुन्हा गेला. या वेळी बन्सीधरनं चाक उघडलं. लायनर ओले दिसले. मी म्हटलं, सापडलं एकदाचं. पण त्यानं लगेच निदान केलं, की मागच्या ॲक्सलचं तेल गळतंय. जुन्या मोटारीत ते गळतंच. त्यानं तेल अडवणारं रबरी सील बदललं, लायनर खरवडले, चाक बंद केलं. बूच कुठं आहे हे या वेळीही त्याच्या ध्यानात आलं नाही. तीन दिवस ब्रेक छान धरला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. शनिवार आला, तेल आलं, आणि रविवारी मोटार पुन्हा माझ्या छातीवर.

तुम्हीच सांगा, अशा वेळी काय करावं? मला तोंड नाही. मला हात नाहीत. मी रोज बघत होतो आणि रोज कुढत होतो. बन्सीधर सील बदलत होता. भुजंग शिव्या देत होता. शेजारच्या दत्तरावनं सांगितलं, की नजर लागली असंल, लिंबू-मिरची बांध. तेही बांधलं. आणि सरजाबाईंनी पाहिलं की ब्रेक धरत नाही, तेव्हा त्यांनी काय केलं असेल? पळीच्या दोन पळ्या केल्या.

त्यांचं तरी काय चुकलं? लेकीच्या जिवाचा प्रश्न होता. जेवढी काळजी वाढायची, तेवढं तेल वाढायचं. जेवढं तेल वाढायचं, तेवढी मोटार घसरायची. आणि जेवढी मोटार घसरायची, तेवढी काळजी वाढायची. हे चक्र माझ्या डोळ्यांदेखत फिरत होतं आणि त्याच्याखाली मी सापडलो होतो.

पौषातल्या एका सकाळी व्हायला नको ते झालं. भुजंगला घाई होती. वडिलांची शिकवण त्याला पाठ होती, पण पाठ असणं वेगळं आणि घाईत आठवणं वेगळं. त्यानं चाकाला हात लावला नाही. नुसता हँडब्रेक ओढलेला आहे ना, एवढं खिडकीतून बघितलं आणि मला ओढून काढलं. स्वतः अजून बाहेरच.

मोटार निघाली.

भुजंग दार धरून पळाला, पण दार धरून मोटार थांबत नाही. उताराच्या तळाशी दत्तरावची कडब्याची गंजी होती. मोटार जाऊन गंजीत घुसली. शेळ्या चारी दिशांना पांगल्या. धूळ खाली बसली तेव्हा दत्तराव कमरेवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "भुजंग, तुजी गाडी माज्या गंजीशी सोयरीक जुळवायलीय का काय? जुळवायची तर आधी बोलणी तरी कर."

पण त्याच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. खुद्द दत्तरावही हसला नाही. कारण गंजीपाशी, बरोबर त्या जागी, एक सूप पडलं होतं आणि सुपातली तूर मातीत सांडली होती. बानूबाई रोज सकाळी तिथं उन्हाला बसून तूर निवडायची. पाणी प्यायला म्हणून ती नुकतीच घरात गेली होती.

बानूबाई दारात आली, हातात पाण्याचा गडवा. सुपाकडं बघितलं, मोटारीकडं बघितलं आणि उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी सरजाबाईंनी पाण्याचा घोटही घेतला नाही. आणि भुजंगनं ठरवून टाकलं, की या मोटारीत मी बहिणीला घालणार नाही. बैलगाडीच बरी. सरजाबाई एवढंच म्हणाल्या, की बैलगाडीनं दोन गेली.



तिसऱ्या दिवशी लिंबाजी आला. लिंबाजी आमच्याच वाडीचा, परभणीला एसटीच्या कारखान्यात फिटर. सुटीवर आला होता. गंजीची गोष्ट त्याच्या कानावर गेली आणि तो स्वतःहून दारात येऊन उभा राहिला. बन्सीधरसारखा तो मोटारीखाली शिरला नाही. आधी भुजंगला समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला लागला. काम केल्यावर ब्रेक कधी धरला का? धरला तर किती दिवस? कोणत्या वारापासून सुटला? फूटब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते का?

भुजंग वैतागला. म्हणाला, "अरे, ब्रेक हाय का ताप हाय? वार कशाला इचारायलास?"

"तापाचा वार आधी इचारत्यात," लिंबाजी म्हणाला. "औषध मागून."

भुजंगला वार आठवेनात. आठवले सरजाबाईंना. त्यांच्या घरात दिवसांचा हिशेब त्यांच्याकडंच असायचा. दर खेपेला रविवारपासून, असं त्यांनी आतूनच सांगितलं. लिंबाजीनं बोटांवर वार मोजले. 

मग त्यानं पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकनं मागची बाजू उचलली आणि मला बाजूला काढलं. काढण्याआधी चाकाला हात लावून बघितलं. मी तेव्हाच त्याचा झालो. त्यानं भुजंगला हँडब्रेक ओढायला सांगितलं आणि उजवं चाक हातानं फिरवून पाहिलं. हलेना. डावं फिरवलं. विहिरीवरच्या रहाटासारखं गरगर फिरलं.

"तार चांगली हाय," लिंबाजी म्हणाला. "तार खराब असती तर दोन्ही सुटली असती. दुखणं ह्या एकाच चाकात हाय, आन् तुमी दोन महिने तार आवळायलात."

मित्रांनो, मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर मी वाजवल्या असत्या.

त्यानं आधी आवळलेली तार सैल केली. मग डावं चाक काढलं, आतला ड्रम काढला. लायनर चिंब ओले. भुजंग म्हणाला, की ॲक्सलचं तेल, सील पुन्हा गेलं. लिंबाजीनं सीलच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं. ड्रमच्या बाहेरच्या अंगाला फिरवलं. बोट ओलं. त्यानं ते बोट नाकाशी नेलं. दोनदा वास घेतला. मग भुजंगच्या नाकाशी नेलं.

"हे गाडीचं तेल न्हाई," तो म्हणाला. "हे करडीचं हाय. भाजीला घालत्यात ते."

त्यानं ड्रम उचलून सूर्यासमोर धरला. त्या भोकातून उन्हाचा एक कवडसा आला आणि बरोबर माझ्यावर पडला.

सगळे त्या कवडशाकडं बघायला लागले. दत्तराव शेळी सोडायला निघाला होता, तोही थांबला. भुजंगनं हळूच मान वळवून दाराकडं बघितलं.

सरजाबाई दारातच उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तेल माजं हाय," त्या म्हणाल्या. "शनिवारचं."

भुजंगचा चेहरा लाल झाला. "आये, अगं तू..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. लिंबाजीनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"गप रं. ज्यानं ह्या भोकाचं बूच हरवलं त्यो आधी चुकला. बूच असतं तर तेल आत गेलंच नसतं." मग तो सरजाबाईंकडं वळला. "तेल वाईट न्हाई, मावशी. जागा चुकली, बस्स. ब्रेक धरतोय त्यो कोरडेपणानं. त्याला तेल चालत न्हाई."

सरजाबाई म्हणाल्या, "पोरीसाठीच वाहत होते, बापा."

"मला ठावं हाय," लिंबाजी म्हणाला. त्यापुढं त्यानं तो विषय कधी काढला नाही. गावातही कुठं सांगितलं नाही. म्हणून तर मी त्याचं नाव आदरानं घेतो.

पुढं जे झालं ते पटापट झालं. भुजंग दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं गंगाखेडला गेला आणि नवे लायनर घेऊन आला. तेल प्यालेले लायनर कितीही खरवडले तरी पुन्हा घाम फोडतात, असं लिंबाजीनं सांगितलं होतं. बन्सीधरला बुचाचं कळलं तेव्हा तो म्हणे बराच वेळ डोकं खाजवत बसला. नंतर त्यानं आपल्या पत्र्याच्या डब्यात धुंडाळून बघितलं, पण डाव्या चाकाचं बूच काही सापडलं नाही. लिंबाजीनं ड्रम रॉकेलनं धुतला, मग पेट्रोलनं पुसून उन्हात वाळवला. भुजंगच्या टायरच्या चपलेची जुनी टाच कापून त्यातून भोकाच्या मापाचं बूच कोरलं. चाक बसवलं. मग त्यानं जे केलं ते बन्सीधरनं कधीच केलं नव्हतं. तार तशीच सैल ठेवून आधी भोकातून पेचकस घातला आणि आतली पकड जुळवली. चाक फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत. दोन्ही चाकं सारखी झाल्यावर बूच दाबलं आणि सगळ्यात शेवटी तारेला ताण दिला. "आधी चाकातलं जुळवायचं, मग तार," असं तो भुजंगला तीन-तीनदा सांगत होता. मला येडबांची आठवण झाली.

त्या संध्याकाळी मोटार उतारावर उभी केली. मी चाकाला नुसता टेकलो होतो. अंगावर तोळाभरही ओझं नव्हतं. किती महिन्यांनी!

शनिवार आला. सरजाबाई सकाळी बाहेर आल्या. हातात वाटी होती, पळी होती. चाकापाशी आल्या आणि थांबल्या. मी त्यांच्या पायाशीच होतो. त्यांचा पाय किती वेळ हलला नाही. नेम तोडावा तरी वाईट, चालू ठेवावा तरी वाईट. शेवटी त्या घरात गेल्या आणि एक लहान मातीची बुधली घेऊन आल्या. वाटीतलं तेल त्यांनी बुधलीत ओतलं, तिच्या तोंडाला चिंधी बांधली आणि ती तुळशीमागच्या कोनाड्यात ठेवली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तेल साठत राहिलं. वाहिलेलं नव्हतं, पण राखलेलं होतं.

माघातल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला बानूबाईच्या पोटात दुखायला लागलं.

भुजंगनं तिला हात धरून मोटारीत बसवलं, स्वतः आत बसला आणि आईला मला काढायला सांगितलं. सरजाबाईंनी आधी चाकाला हात लावला. मोटार जागची हलली नाही. तेव्हा त्यांनी मला ओढलं. भुजंगनं हँडब्रेक सोडला, मोटार अलगद घरंगळली, गंजीच्या अलीकडं धक्का खाऊन सुरू झाली. सरजाबाई कशाबशा पळत जाऊन आत बसल्या. आणि त्या सगळ्या घाईत मला नेहमीसारखं उचलून सीटखाली कुणी ठेवलंच नाही. मी मुरमात आडवा पडून राहिलो.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मला विसावा मिळाला. इतके महिने ओझ्यावरून कुरकुर केली, पण त्या दिवशी एकही क्षण मला सुख वाटलं नाही. वाटेत उतार आहेत. कुठं थांबावं लागलं तर? हँडब्रेक कितीही चांगला असला तरी मागून मी असलो म्हणजे भरवसा. दत्तरावची एक शेळी येऊन मला चाटून गेली, मी तिच्याकडं लक्षही दिलं नाही. संध्याकाळ झाली. बुधवार झाला.

बुधवारी दुपारी भुजंग एकटाच परत आला. गाडी लावून तो दत्तरावच्या ओट्यावर बसला आणि सांगायला लागला, तेव्हा मला कळलं. वाटेतला डोंगर चढून पलीकडं उतरताना मोटारीतलं पाणी उकळलं. मोटार उतारावर थांबवावी लागली. ओढ्यातून पाणी आणायला उतरायचं, तर त्यानं सीटखाली हात घातला आणि मी नाही! बानूबाई आत कण्हत होती. एका बाजूला दरड होती, एका बाजूला खोल ओढा. आसपास हाताला येईल असा दगड नव्हता. भुजंगनं हँडब्रेक ओढला, खाली उतरला आणि चाकाला हात लावून उभा राहिला. मनात दहापर्यंत आकडे मोजले. मोटार हलली नाही. मग पळत ओढ्यावर गेला आणि डबा भरून आणला. मोटार जिथल्या तिथं.

दवाखान्यात पोचल्यावर दोन तासांत मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत.

दत्तराव ओट्यावरून आपल्या गंजीकडं बघायला लागला. मग म्हणाला, "मंग आता माज्या गंजीशी सोयरीक मोडली म्हन." आणि या वेळी मात्र दोघंही हसले.

मुलांनो, तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी सायकल असेल, बैलगाडी असेल, पाण्याचा रहाट असेल. काही बिघडलं की लगेच ओढाताण करू नका. आधी शांतपणे विचारा, हे कधीपासून, कोणत्या वारापासून, कोणत्या बाजूला. आणि चाकाला हात लावल्याशिवाय ठोकळा काढू नका. घाईत तर मुळीच नाही. आम्ही मुक्या वस्तू सगळं बघत असतो. फक्त आम्हाला कुणी विचारत नाही.

बानूबाई लेक घेऊन दारात आली तेव्हा सरजाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण सोयर होती, म्हणून त्यांनी देवाला हात लावला नाही. बारावं झालं, सोयर फिटली. शुक्रवारी संध्याकाळी भुजंगनं म्हटलं, "आये, उद्या तुला गाडीनं मारुतीला नेतो. पार पायऱ्यांपाशी गाडी लावतो. आता ब्रेक धरतोय." सरजाबाई म्हणाल्या, "बगू." आपल्या पायांनी येईन, हा देवाला दिलेला त्यांचा शब्द मला एकट्यालाच ठाऊक होता.

शनिवारी सकाळी घरात अजून सगळे झोपलेले होते. सरजाबाई न्हाऊन बाहेर आल्या. कोनाड्यातली बुधली काढली. रुईच्या पानांची माळ पदराला बांधली. मग मोटारीपाशी येऊन आधी चाकापुढं एक दगड सरकवला, तो पायानं नीट बसवला. चाकाला हात लावला. वाट बघितली. आणि मग मला काढलं.

मला वाटलं, चुलीकडं नेणार. पण त्यांनी मला पदरानं पुसलं. माझ्या तिरक्या बाजूवरून हात फिरवला, सपाट बाजूवर पंजा ठेवून उंची पाहिली. वीतभर. देवळाच्या त्या मांडीएवढ्या पायरीला मध्ये एक वीतभर टेकू मिळाला, की तिचे दोन टप्पे होतात. गुडघ्याला तेवढं पुरतं.

आत बाळ रडलं. सरजाबाई थांबल्या. बानूबाईचा आवाज आला, बाळ गप्प झालं. मग त्यांनी एका काखेत मला धरलं, दुसऱ्या हातात बुधली घेतली आणि कुणाला काही न सांगता डोंगराच्या वाटेला लागल्या.